पंचवीस बुल, वीस मिनिटं : पुण्यातले बेंचरेस्ट सामने

पुण्यात नेमबाजी म्हटलं की डोळ्यांपुढे बालेवाडी येते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं ते संकुल, १० मीटरचा हॉल, जाड कॅनव्हासची जॅकेटं घालून कमरेवर कोपर टेकवून उभी असलेली मुलंमुली. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या आयाही मला विचारतात, मुलाला कुठे घालू म्हणून. त्यांना मी बालेवाडीचाच रस्ता दाखवते. मी स्वतः मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वेगळ्याच ठिकाणी जाते, आणि त्या ठिकाणाबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या दिशेनं गेलं की टेकडीच्या पायथ्याशी एका रायफल क्लबची रेंज आहे. तिथे महिन्यातून एकदा बेंचरेस्टचे, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारायचे, सामने होतात. एअरगन २५ मीटरवर आणि .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल, ५० मीटरवर. क्लबचं नाव इथे लिहीत नाही. शस्त्रं ठेवलेल्या जागेचा पत्ता सगळीकडे फिरू नये अशी त्यांची सगळ्यांना विनंती असते आणि ती मला पटते. खरंच जायचं असेल तर पुण्यातल्या कुठल्याही नियमित नेमबाजाला विचारा, तो सांगेल.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. हौशी नेमबाजासाठी इतका काटेकोर आणि इतका न्याय्य सामना मी पुण्यात दुसरा पाहिलेला नाही. मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये तपासणी विभागात काम करते. दिवसभर हातात गेज आणि मायक्रोमीटर असतो, त्यामुळे कुणी मोजमापात ढिलाई केली की ती लगेच नजरेत येते. या क्लबात ती ढिलाई नाही. बाकी ज्या उणिवा आहेत त्यांच्याबद्दलही लिहिणार आहेच.

कॉलेजात एनसीसीत असताना मी .२२ पहिल्यांदा हातात घेतली. तेव्हा पोटावर पडून मारायचं. पुढे मानेच्या मणक्याचं दुखणं मागे लागलं आणि डॉक्टरांनी मान मागे वाकवून झोपायचं कायमचं बंद केलं. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर पडून मारायच्या प्रकारात, जागतिक सुवर्ण जिंकलं. ते ज्या बैठकीतून आलं ती बैठक आपल्याला आता कधीच घेता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. बेंचरेस्टमुळे मला माझी .२२ परत मिळाली. म्हणून या सामन्यांबद्दल मला ममत्व आहे, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

बेंचरेस्टमध्ये सिमेंटचं पक्कं टेबल असतं. टेबलावर पुढच्या बाजूला रेस्ट, मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी. रायफल या दोन टेकूंवर ठेवायची, स्टुलावर बसायचं, मागची पिशवी मुठीत दाबून किंवा रेस्टचा स्क्रू फिरवून नेम जुळवायचा आणि चाप ओढायचा. समोर एका कार्डावर २५ छोटे बुल, म्हणजे नेमाची वर्तुळं, छापलेली असतात. प्रत्येक बुलवर एकच गोळी. प्रत्येकाचे जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे पूर्ण कार्ड २५० चं. दहाच्या आत एक बारीक ठिपका असतो. गोळी त्याला लागली तर एक्स धरतात, आणि दोघांचे गुण सारखे झाले की एक्स मोजतात. कार्डाच्या कडेला सायटरचे, म्हणजे गुण न धरता नेम तपासायचे, वेगळे बुल असतात, त्यांवर वेळेच्या आत हव्या तितक्या गोळ्या मारता येतात. वेळ २० मिनिटं.

‘टेबलावर ठेवूनच मारायचं, मग त्यात कौशल्य ते काय?’ हा प्रश्न मला कित्येकांनी विचारलाय, त्यात उभ्यानं मारणारे चांगले नेमबाजही आहेत. उभ्या बैठकीत शरीराचा डोल हीच मोठी अडचण असते आणि तो आवरायला वर्षं जातात, त्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तो डोल काढून घेतला की त्याच्यामागे लपलेल्या सगळ्या गोष्टी उघड्या पडतात. काडतुसांच्या दोन लॉटमधला, म्हणजे कारखान्यातल्या दोन खेपांमधला, फरक दिसतो. स्कोपमधलं पॅरॅलॅक्स नीट जुळवलेलं नसेल तर गाल जरासा सरकला तरी नेम सरकतो, तेही कार्डावर उमटतं. चाप ओढताना दस्त्यावर अंगठ्याचा दाब कमीजास्त झाला तर तेही दिसतं. आणि सगळ्यात जास्त दिसतो वारा. बेंचरेस्ट हा वारा वाचण्याचा सामना आहे, असं मी नव्या माणसाला सांगते.

१० मीटरच्या मॅच एअर रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगानं निघतो. .२२ ची मॅच गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असते, साधारण ३२५ मीटर. म्हणजे छर्ऱ्याला २५ मीटर जायला आणि गोळीला ५० मीटर जायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, सेकंदाचा साधारण सहावा भाग. पण .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, तर छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि मध्ये कमरेसारखा चिमटलेला. तो वेग लवकर गमावतो आणि वारा त्याला जास्त ढकलतो. अंतर निम्मं असूनही एअरगनवाल्याची परीक्षा रिमफायरवाल्यापेक्षा सोपी नसते, उलट बऱ्याचदा कठीणच असते.

आता क्लबचा एक निर्णय मला फार आवडतो. एअरगनची फेरी सकाळी साडेसातला लावतात आणि .२२ ची साडेनऊनंतर. हिवाळ्यात सकाळी टेकडीखाली हवा अगदी स्तब्ध असते. ऊन उतारावर पडलं की हवा तापून वर चढू लागते आणि रेंजवर आडवा, मध्येच वळणारा वारा सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये दहा वाजेपर्यंत स्कोपमध्ये मृगजळ थरथरायला लागतं, बुलाची कड पाण्याखाली असल्यासारखी दिसते. .२२ वाले दर वेळी कुरकुर करतात की आम्हाला वाईट हवा देता. पण हलक्या छर्ऱ्याला शांत हवा आणि जड गोळीला उरलेली हवा, हीच वाटणी बरोबर आहे. त्यातून पहिल्यांदा येणारे बहुतेक एअरगन घेऊन येतात. त्यांना पहिल्याच दिवशी वावटळीत बसवलं तर ते दुसऱ्यांदा येणार नाहीत.

वारा दाखवायला रेंजवर साधारण १०, २५ आणि ४० मीटरवर नायलॉनच्या रिबिनी लावलेल्या काठ्या असतात. नवा माणूस नेहमी टार्गेटजवळच्या रिबिनीकडे बघतो, कारण स्कोपमध्ये तीच दिसते. खरं महत्त्व जवळच्या रिबिनीला आहे. नळीतून निघाल्यावर लगेच गोळी जराशी वळवली गेली तर तो कोन उरलेल्या सगळ्या अंतरभर वाढत जातो. टार्गेटजवळच्या झुळकेला गोळी हलवायला तेवढं अंतरच उरत नाही. हे मला तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी समजावलं. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकले, ती कार्डावर प्रत्यक्ष बघता येते. उजव्या पिळाच्या नळीतून, म्हणजे आतल्या खाचांमुळे उजवीकडे फिरत, निघालेली गोळी उजवीकडून वारा आला की डावीकडे जाते आणि थोडी वरही चढते, डावीकडून आला की उजवीकडे आणि थोडी खाली. एखाद्यानं वाऱ्याकडे न बघता मारलेलं कार्ड घ्या, घड्याळातल्या १० आणि ४ ला जोडणाऱ्या तिरक्या रेघेवर भोकं पसरलेली दिसतील. भोकं सरळ वरखाली पसरली असतील तर वाऱ्याला दोष देऊ नका, काडतुसांकडे किंवा मागच्या पिशवीकडे बघा.

सुभेदार साहेबांचं मारणं बघायलाच काही जण येतात. २० मिनिटांत २५ गोळ्या म्हणजे दर गोळीला ४८ सेकंद, असा हिशेब करून बाकीचे एका लयीत मारत असतात. साहेब सुरुवातीला दोन-तीन सायटर मारतात आणि मग बसून राहतात. बोटं टेबलावर, डोळे मधल्या रिबिनीवर. पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. शेजारच्याचं पाव कार्ड उरकलेलं असतं. मग रिबीन त्यांना हव्या त्या कोनावर आली की ते एकामागून एक सात-आठ गोळ्या मारतात, आणि रिबीन हलली की पुन्हा थांबतात. मी एकदा विचारलं, “साहेब, वेळ संपायची भीती नाही वाटत?” म्हणाले, “ताई, भीती वाटली की माणूस कुठल्याही वाऱ्यात मारतो. मग कार्ड कशाला लावायचं?” त्यांची रायफल क्लबातल्या सगळ्यात महागड्या रायफलींमधली नाही, स्कोपही जुनाच आहे. तरी वर्षाच्या यादीत त्यांचं नाव खाली गेलेलं मी पाहिलेलं नाही.

गुणमोजणीबद्दल मी सविस्तर लिहिणार, कारण माझ्या मते क्लबची खरी ओळख तिथेच होते.

फेरी संपली की कार्डं गोळा करून आतल्या खोलीत नेतात. कार्डावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. नाव आणि क्रमांकाची वही बाहेर रेंज ऑफिसरकडे राहते. मोजणारे दोघं असतात आणि ते वेगवेगळे मोजतात. दोघांचे आकडे जुळले तरच गुण लिहायचे. भोक रेषेला लागलंय की नाही याची शंका असेल तर भोकात प्लग गेज, म्हणजे गोळीच्या मापाची चकती असलेली दांडी, घालतात. कागदातलं भोक गोळीपेक्षा लहान दिसतं, कारण कागद फाटून पुन्हा आत मिटतो. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निर्णय देता येत नाही. .२२ साठी गेजच्या चकतीचा व्यास ५.६ मिलिमीटर. सुरुवातीच्या दिवसांत मी मोजणाऱ्या काकांना विचारून त्यांच्या गेजवर माझा मायक्रोमीटर लावला होता. तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही ठिकाणी ५.६० आलं. काकांना राग आला नाही, उलट त्यांनी एअरगनचा गेजही पुढे केला, “ताई, हाही बघून घ्या.” ज्या माणसाला आपला गेज दुसऱ्याकडून तपासून घ्यायला आवडतो त्याच्या हातात माझं कार्ड मी निश्चिंतपणे देते. एका भोकात गेज एकदाच घालायचा हा आंतरराष्ट्रीय सामन्यांतला नियमही ते पाळतात. दुसऱ्यांदा घातला की भोक मोठं होतं आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही.

निकालावर आक्षेप घ्यायचा तर पंधरा मिनिटांची मुदत असते आणि शंभर रुपये भरावे लागतात, आक्षेप मान्य झाला तर ते परत. गेल्या उन्हाळ्यात आठवी-नववीतल्या एका मुलानं स्प्रिंगच्या एअरगनच्या गटात एका नऊवर आक्षेप घेतला. त्याच्या जागेसाठी चुरस होती ती क्लबच्याच एका पदाधिकाऱ्याशी. तिसऱ्या माणसाला बोलावलं, भिंग लावलं, आधी गेज घातल्याची नोंद होती म्हणून पुन्हा घातला नाही, आणि रेषेला कड टेकलेली आहे म्हणून दहा दिला. मुलगा वर गेला, पदाधिकारी खाली आले आणि त्यांनीच मुलाच्या हातात शंभरची नोट परत ठेवली. तिथे कुणालाच यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

एअरगनचे तीन गट आहेत : पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या), १० मीटरच्या मॅच रायफली आणि स्प्रिंग. कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण लोकांच्या मनात खूप गोंधळ असतो. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन ठेवायला शस्त्रपरवाना लागत नाही. व्यास किंवा ऊर्जा यापुढे गेली की लागतो. .२२ च्या रायफलीला अर्थातच लागतो. क्लब प्रत्येक पीसीपी सामन्याआधी क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, तपासतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण २७५ मीटरच्या पुढे गेला की २० ज्यूलची हद्द ओलांडली जाते. रायफल हद्दीबाहेर निघाली तर तिला टेबलावर जागा नाही, मग ती कुणाचीही असो. मॅच रायफली जेमतेम साडेसात ज्यूलच्या असतात, त्यांचा प्रश्नच येत नाही.

माझा जीव स्प्रिंग गटात अडकलेला आहे. तिथे देशी बनावटीच्या साध्या रायफली घेऊन माणसं येतात. कुणाची वडिलांच्या काळातली, दस्त्याचं पॉलिश उडालेली, कुणाची पहिल्या पगारातून घेतलेली. स्प्रिंगची रायफल बेंचवर मारणं हे या सगळ्या सामन्यांतलं सर्वांत अवघड काम आहे, असं माझं ठाम मत आहे. चाप ओढला की आत जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते. मग पिस्टन टोकाशी हवेच्या दाबावर आदळून थांबतो आणि रायफल पुढे झटका खाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच हे सगळं सुरू झालेलं असतं. रायफल कडक टेकूवर दाबून धरली तर ती दर वेळी वेगळी उसळते आणि भोकं हाताच्या पंज्याएवढी पसरतात. तिला सैल धरावं लागतं, दर वेळी अगदी तशीच, तिच्या मनाप्रमाणे हलू द्यावं लागतं. म्हणून या गटात पुढच्या पिशवीवर उताणा तळहात ठेवून त्यावर रायफल टेकवायची परवानगी आहे. हा नियम ज्यानं केला त्याला स्प्रिंग रायफल कळते.

माझी भाची सांगलीहून शिकायला पुण्यात आली, तिला मी एकदा सोबत नेलं. तिला क्लबची स्प्रिंग रायफल दिली आणि गटातल्या एका काकांनी तिला छर्ऱ्यांचा डबा पांढऱ्या कागदावर ओतायला लावला. छर्ऱ्याचा मागचा घेर अगदी पातळ असतो, डब्यात एकमेकांवर आदळून तो चेपतो. असे चेपलेले छर्रे वेचून बाजूला काढायचे. चांगल्या डब्यांवर डोक्याचा व्यासही लिहिलेला असतो, ४.५०, ४.५१, ४.५२, आणि एखाद्या नळीला यातलाच एक मानवतो. “मावशी, हे तर तांदूळ निवडण्यासारखं आहे,” ती म्हणाली आणि तासभर डोकं वर न काढता बसली. हल्ली ती माझ्याआधी तयार होऊन खाली उभी असते.

रिमफायरकडे वळते. .२२ च्या काडतुसात स्फोटक पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेलं असतं, म्हणून तर नाव रिमफायर. ही पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचे बेंचरेस्टवाले जगभर स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, आपल्याला डब्यातून येईल तेच मारावं लागतं. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन डब्यांवरचे लॉट क्रमांक वेगळे असतील तर एकाचं कार्ड सुंदर येतं आणि दुसऱ्याचं विस्कटतं. परदेशात नेमबाज निरनिराळे लॉट मारून बघतात आणि जुळला तो पेट्यांनी उचलतात. आपल्याकडे मॅच काडतुसं संघटनेमार्फत, कोट्यातून मिळतात, तेव्हा निवडीला फारसा वाव नाही. या क्लबानं त्यावर एक चांगला मार्ग काढलाय. सामन्यानंतर फळ्यावर प्रत्येकानं कुठल्या लॉटचं काय कार्ड मारलं ते लिहितात, आणि कुणाच्या रायफलीला कुठला लॉट मानवतो हे सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे, काडतूस बदललं की नळीत आधीच्या गोळ्यांच्या मेणाचा थर असतो, तो बदलेपर्यंत गोळ्या भटकतात. त्यासाठी रिमफायरच्या फेरीआधी वेगळा सरावाचा वेळ दिलेला आहे. काडतूस फुसकं गेलं तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. हे रेंज ऑफिसर दर फेरीआधी न कंटाळता सांगतात.

पीसीपी आणि रिमफायरच्या खुल्या गटाबद्दल मी थोडं नाराज आहे. तिथे ३६ पटीचे स्कोप, एकसंध धातूचे रेस्ट, नळीच्या टोकाला ट्यूनर (नळीची थरथर जुळवायचं वजन), अशी सामग्रीची चढाओढ चालते. तीही एक विद्या आहे, मान्य आहे. पण ‘कारखान्यातून आली तशी’ रायफल घेऊन मारायचा जो वेगळा गट आहे त्याला क्लबनं दोनच टेबलं दिली आहेत आणि तिथे दर वेळी रांग लागते. टेबलांची वाटणी बदलायला हवी.

आता उणिवा. ५० मीटरच्या शेडमधलं चौथं टेबल हलतं. नुसत्या हाताला कळत नाही, पण ३६ पटीच्या स्कोपमधून शेजारच्यानं टेबलाला कोपर लावलं तरी बुल उडताना दिसतो. त्याच्या एका पायाखालची फरशी बसली आहे. टेबलं चिठ्ठ्या टाकून वाटतात, त्यामुळे अन्याय एकावरच होत नाही, पण एवढं काटेकोर मोजणाऱ्या क्लबात असं टेबल असणं शोभत नाही. पत्र्याच्या शेडला छताखाली काही लावलेलं नाही, एप्रिलमध्ये साडेदहानंतर तिथे बसणं वयस्कर माणसांना झेपत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, पण त्याची किल्ली कार्यालयात मागावी लागते आणि रविवारी कार्यालय उशिरा उघडतं. पावसाळ्यात कार्डं दमट होतात आणि भोकांच्या कडा लवदार येतात. मोजणारे मग वैतागतात, पण कार्डं ठेवायला हवाबंद पेटी अजून आलेली नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट चहाच्या टेबलाची आहे. छर्रे शिशाचे, गोळ्याही शिशाच्या. बोटांना ते लागतं, पोटात गेलं तर विष आहे, आणि मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त अपायकारक. चहा आणि वडापावचं टेबल फायरिंग लाइनला लागून आहे आणि हात धुवायचा नळ पार गेटजवळ. लोक फेरी संपवून उठतात आणि तसेच वडापाव हातात घेतात. मी समितीला लेखी दिलंय की टेबल गेटजवळ न्या आणि नळाशेजारी साबण ठेवा. साबण आला, टेबल हललेलं नाही. तोपर्यंत मी माझ्या भाचीला आणि ओळखीच्या सगळ्या मुलांना आधी नळाकडे पाठवते. तुम्ही मुलं घेऊन येणार असाल तर तुम्हीही तेच करा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की रिमफायरची फेरी ओस पडते. परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं जातं, नेमबाजांना त्यातून सूट मिळू शकते पण त्याची कागदपत्रं वेळेत हातात येतील असं नसतं. हे क्लबच्या हातात नाही. अशा महिन्यात ते एअरगनच्या दोन फेऱ्या घेतात आणि रिमफायरवाल्यांना क्लबच्या मॅच एअर रायफली देतात. ही सोय चांगली आहे.

पैशांचं म्हणाल तर एअरगनच्या प्रवेशाचे तीनशे, रिमफायरचे पाचशे रुपये. त्यात दोन कार्डं आणि चहा येतो, काडतुसं वेगळी. क्लबची एअर रायफल हवी असेल तर भाडं नाही, छर्ऱ्यांचे पैसे द्यायचे. एका रविवारची सकाळ आणि दोन प्रामाणिकपणे मोजलेली कार्डं एवढ्यात मिळतात, मला ते स्वस्त वाटतं.

ज्यांचे गुडघे, मान, कंबर दगा देतात अशा माणसांनी तर जरूर जावं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण चाकाच्या खुर्चीतूनच मारतात, त्यांच्यासाठी एका टेबलापुढचं स्टूल काढून उतार केलेला आहे. मुलाला ऑलिम्पिकच्या वाटेला लावायचं असेल तर हा सामना त्याची जागा घेऊ शकत नाही. बेंचरेस्ट ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि वाढत्या वयात शरीराची बैठक शिकायला हवी. तरी महिन्यातून एक रविवार वारा वाचायला त्या मुलांनाही आणावं, ५० मीटरवर उभं राहायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल. मोठा आवाज आणि धडाका हवा असेल त्यांची मात्र निराशा होईल. .२२ चा इथे नुसता टक् असा आवाज होतो आणि लोक कुजबुजत बोलतात.

पहिल्यांदा जाताना आधार कार्डाची प्रत आणि कान झाकायला मफ किंवा प्लग घेऊन जा, एअरगन मारणार असलात तरी. शनिवारी संध्याकाळी सुरक्षेचा तासाभराचा वर्ग असतो, तो केल्याशिवाय रविवारी टेबल मिळत नाही. तिथे बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये रंगीत झेंडी कशी लावायची, ‘सीज फायर’ ऐकल्यावर हात कुठे हवेत, हे करून दाखवायला लावतात. स्वतःची रायफल नेणार असाल तर ती पेटीत बंद, रिकामी आणि .२२ असेल तर परवाना सोबत. स्टुलावर टाकायला पातळ उशी न्या, स्टुलं कडक आहेत. आणि डावखुरे असाल तर नाव नोंदवतानाच तसं सांगा. सातवं टेबल भिंतीला लागून आहे, डाव्या बाजूचा बोल्ट उघडायला तिथे कोपराला जागा पुरत नाही, आणि चिठ्ठी निघाल्यावर ते टेबल बदलून देत नाहीत.